ससून डॉक ते बॅलार्ड इस्टेट: मुंबईचं बंदर पायी कसं पाहावं

मुंबईच्या फोर्ट भागात पहिल्यांदा फिरणारा माणूस मान वर करून चालतो. घुमट, कमानी, दगडात कोरलेली माकडं आणि मोर बघत बघत तो एका स्टेशनपासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत जातो, आणि हे सगळं ज्या बंदराच्या पैशावर उभं राहिलं ते बंदर पाहायचं राहूनच जातं. त्याचा दोष नाही. मुंबईने आपलं बंदर उंच भिंतींमागे ठेवलंय. आधी नौदलाची गोदी, मग पोर्टाच्या गोद्या. खाली दिलेल्या वाटेवर खारं पाणी प्रत्यक्ष दिसतं ते दोनच जागी, आणि दोन्ही जागा पहिल्या दीड तासात संपतात. पुढचे चार तास पाणी अगदी जवळ असतं आणि दिसत नाही. जुना किनारा कुठे होता, तट कुठे होता, भर कुठे घातली, हे ओळखत चालायचं. तेवढी नजर बसली की हा भाग वेगळाच दिसायला लागतो.

सगळं मिळून अंतर साधारण सहा किलोमीटर. थांबत, खात, पायऱ्यांवर बसत गेलात तर पहाटे सुरू करून दुपारच्या जेवणापर्यंत पुरतं. गाइड लागत नाही.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्च ते मे दरम्यान जायचंच असेल तर साडेदहापर्यंत जमेल तेवढं उरकून घ्या, कारण फोर्टातल्या दगडी इमारती तापल्या की गल्ल्यांमधून भट्टीसारखी हवा येते. पावसाळ्यात ही वाट अर्धीच होते. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ससून डॉकवर मुख्य गोष्टच नसते.

वार शनिवार धरा. रविवारी रस्ते मोकळे मिळतात हे खरं, पण शेवटी जिथे जेवायचं आहे ते ब्रिटानिया रविवारी बंद. आणि माणसं नसलेला बझार गेट म्हणजे नुसत्या शटरांची रांग.

पायात जुने, बंद आणि न घसरणारे बूट हवेत. चप्पल नको, पांढरे बूट तर नकोच. कारण पहिल्याच टप्प्यावर कळेल. पाण्याची बाटली, टोपी, थोडे सुटे पैसे आणि ओळखपत्र बरोबर असू द्या. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, पण खरं तर एकच रस्ता लक्षात ठेवला तरी भागतं: शहीद भगतसिंग मार्ग. कुलाबा कॉजवे म्हणतात तोही हाच, लायन गेटवरून जातो तो हाच, टाऊन हॉलसमोरून जीपीओकडे, म्हणजे मुख्य टपाल कचेरीकडे, जातो तोही हाच. फोर्टात शिरल्यावर याची उजवी बाजू म्हणजे बंदराची बाजू. वाट चुकलात तर ‘भगतसिंग रोड कुठे?’ एवढंच विचारायचं.

फोटोंबद्दल आधीच सांगतो. ससून डॉकवर परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही, आणि नौदलाच्या कोणत्याही दारासमोर, भिंतीसमोर, पहारेकऱ्यासमोर फोन वर धरायचा नाही. तिथे उगाच हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

१. ससून डॉक, उजाडण्याच्या सुमारास

सीएसएमटी किंवा चर्चगेटहून काळी-पिवळी टॅक्सी करा आणि साडेपाच-सहापर्यंत दाराशी उतरा. आठ वाजता पोहोचलात तर आवराआवरच बघायला मिळेल.

आत शिरल्यावर पहिला नियम: मधे उभं राहू नका. इथे हातगाड्या, बर्फाचे क्रेट आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका यांना वाट आहे, तुम्हाला नाही. ‘बाजू, बाजू’ ऐकू आलं की कोणत्या बाजूला ते न बघता सरका. जमिनीवर बर्फाचं पाणी आणि मासळीचं पाणी एकत्र वाहत असतं. म्हणून ते जुने बूट.

ट्रॉलर धक्क्याला लागतात, टोपल्या वर येतात, ढीग पडतात आणि लिलाव होतो. लिलाव बघायला उभं राहायला हरकत नाही, फक्त डोकं किंवा हात फार हलवू नका. बोंबील, मांदेली, बांगडा, सुरमई, पापलेट, हलवा हे ओळखायला सोपे. बाजूच्या शेडमध्ये कोळंबी सोलणाऱ्या बायका बसलेल्या असतात, त्यांचा हाताचा वेग बघण्यासारखा असतो. कोळणींशी बोलायचं तर ‘मावशी’ म्हणून बोला, पण घ्यायचं नसेल तर भाव विचारू नका. घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा वेळ तुमच्यावर जातो, आणि ते तुम्हाला स्पष्ट शब्दांत ऐकवलं जाईल.

ही गोदी मुळात मासळीसाठी नव्हती. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्यातल्या अल्बर्ट ससून यांनी ती भर घातलेल्या जमिनीवर १८७५ मध्ये बांधली, मुख्यतः कापसासाठी. पश्चिम भारतातली ही पहिली बंदिस्त गोदी, म्हणजे भरती-ओहोटीची पर्वा न करता जहाज धक्क्याला लावून माल चढवता येईल अशी. त्याआधी मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल होड्यांमधून ने-आण होई. खासगी माणसाने हे करून दाखवल्यावर नव्या पोर्ट ट्रस्टलाही हात हलवावे लागले: १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आलं. ससून डॉक मात्र कापसाकडून मासळीकडे गेलं आणि तिथेच टिकलं. मुंबईच्या जुन्या गोद्यांपैकी सामान्य माणसाला आत जाऊन कामाची धांदल बघता येईल अशी ही एकच. म्हणूनच सुरुवात इथून.

२. कॉजवेवरून पालवा बंदराकडे

बाहेर येऊन भगतसिंग मार्गाने उत्तरेकडे चालायला लागा. हा रस्ता म्हणजे १८३८ मध्ये बांधलेला बांध. त्याआधी कुलाबा हे स्वतंत्र बेट होतं, मधे दांडा म्हणावा असं आणखी एक छोटं बेट, आणि ओहोटी साधून जावं लागे. आज दोन्हीकडे दुकानं असल्यामुळे पायाखाली समुद्र होता यावर विश्वास बसत नाही. सकाळी सात वाजता, फेरीवाल्यांचे टेबल लागण्याआधी, निदान रस्त्याची सरळ रेघ तरी दिसते.

नाश्ता इथेच करा. मांसाहारी असाल तर ऑलिम्पिया कॉफी हाऊसचा खिमा-पाव सकाळीच खायचा पदार्थ आहे. शाकाहारी मंडळींनी इथे चहावर भागवून पुढे पुरी-भाजीसाठी जागा ठेवावी. स्वच्छतागृहही इथेच वापरून घ्या, पुढची चांगली सोय बरीच लांब आहे.

कॉजवेवरून उजवीकडे वळलं की गेटवे. या जागेला लोक अपोलो बंदर म्हणतात, जुनी माणसं पालवा बंदर. सुरक्षातपासणीतून आत जा आणि कमानीकडे न बघता आधी कठड्याशी जा. समोर नांगरलेली जहाजं, लांब घारापुरीचा डोंगर, आणि खाली पायऱ्या. मुंबईचं बंदर नैसर्गिक आहे म्हणजे काय ते इथे डोळ्यांना कळतं: समोर मुख्य भूमी, मागे बेट, मधे वादळापासून सुरक्षित असं खोल पाणी. इतर सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता कमान. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी इथे उतरले तेव्हा कमान नव्हती, तात्पुरता मांडव होता. पायाभरणी झाली तरी आधी समुद्र हटवून जमीन करावी लागली, आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची ही २६ मीटर उंच वास्तू उघडली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी. राजाच्या स्वागतासाठी बांधलेल्या कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण चालत बाहेर पडली. स्वागताला चोवीस वर्षंही मिळाली नाहीत. समोर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी बसवला गेला.

ताज हॉटेलबद्दल कोणीतरी तुम्हाला सांगेलच की आर्किटेक्टचा नकाशा उलटा वाचला गेला आणि इमारत पाठमोरी झाली. ती दंतकथा आहे. १९०३ मध्ये हॉटेल उघडलं तेव्हा पाहुणे घोडागाडीतून शहराच्या बाजूने येत, म्हणून मुख्य दार तिकडे होतं. त्या बाजूला आता पोहण्याचा तलाव आहे.

३. रीगलपासून लायन गेट

रीगल सिनेमाच्या चौकात या. १९३३ चं हे थिएटर सुंदर आहे, पण तुमच्या कामाची इमारत त्याच्या समोरच्या बाजूची: महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय. १८७६ मध्ये हे खलाशांसाठी बांधलेलं वसतिगृह होतं, रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम. वर त्रिकोणी भागात समुद्रदेव नेपच्यून कोरलेला आहे, रस्त्यापलीकडून नीट दिसतो. महिनोन्‌महिने समुद्रावर राहून हातात एकदम पगार आलेल्या गोऱ्या खलाशांना दारूच्या गुत्त्यांपासून दूर ठेवायला अशी घरं बांधत. पुढे १९२८ पासून इथे विधिमंडळ भरू लागलं आणि नरिमन पॉइंटचं विधानभवन १९८१ मध्ये तयार होईपर्यंत महाराष्ट्राचं राजकारण याच इमारतीत चाललं. खलाशी, आमदार, पोलीस. चौथं कोण येतं ते बघू.

डावीकडे वस्तुसंग्रहालय आणि काळा घोडा सोडून द्या. तो एका वेगळ्या दिवसाचा ऐवज आहे आणि आज तिकडे वळलात तर पुढचं हातचं जाईल. फक्त एक गोष्ट मनात ठेवा: काळ्या घोड्याजवळच्या रस्त्याचं, आजच्या के. दुभाष मार्गाचं, जुनं नाव रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे किल्ल्याचा तट. म्हणजे त्या रेषेपासून पुढे तुम्ही कोटाच्या आत शिरता. पूर्ण कोट १७१६ च्या सुमारास बांधून झाला, १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात पाडला गेला. त्याला तीन दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट, उत्तरेला बझार गेट. तुम्ही आता अपोलो गेटच्या जागेवरून आत जाताय.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा या कोटातल्या इंग्रजांची झोप उडाली. पुढचा नंबर आपला असं त्यांना वाटलं आणि तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं, त्यासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनीही वर्गणी काढली. मराठे आले नाहीत, खंदक राहिला, आणि सव्वाशे वर्षांनी बुजवला गेला.

भगतसिंग मार्गावर पुढे दोन दगडी सिंह बसलेलं दार लागेल. तेच लायन गेट, नौदलाच्या गोदीचं प्रवेशद्वार. इथे थांबायचं नाही, फोटो नाही, चालता चालता बघायचं. आत जे आहे ते मात्र मुंबईच्या बंदराचं सर्वात जुनं कसब. सुरतेहून १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी सुतार आले आणि त्यांच्या घराण्याने पुढची दीडशे वर्षं इथे सागवानी जहाजं बांधली. १७५० मध्ये इथली सुकी गोदी झाली, म्हणजे पाणी काढून टाकून जहाजाचा तळ दुरुस्त करता येईल अशी. ओकपेक्षा सागाची जहाजं जास्त टिकत, आणि साग जवळच मिळे. १८१७ मध्ये इथे बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. १८१३ चं कॉर्नवॉलिस आणखी मोठ्या जागी पोहोचलं: पहिल्या अफू युद्धाच्या शेवटी १८४२ मध्ये नानकिंगचा तह त्याच्या डेकवर झाला आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. चीनला जाणारी माळव्याची अफूही याच बंदरातून जात होती. फोर्टातल्या पाट्यांवर कापसाच्या भरभराटीबद्दल बरंच वाचायला मिळतं. अफूबद्दल तेवढं मिळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

गेटच्या पलीकडच्या बाजूला सेंट अँड्र्यूज चर्च आहे आणि शेजारी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट. या जागी एकोणिसाव्या शतकात बर्फघर होतं. बर्फ कुठला? अमेरिकेतला. मॅसॅच्युसेट्सच्या गोठलेल्या तळ्यांमधून कापून, लाकडाच्या भुशात बांधून, चार महिन्यांचा समुद्रप्रवास करून आलेला. वाटेत बराचसा वितळे आणि उरलेल्यावर नफा होई. सकाळी ससून डॉकवर पायाखाली तुडवलेला बर्फ आठवून बघा.

४. टाऊन हॉल आणि हॉर्निमन सर्कल

पुढे जुनं कस्टम हाऊस लागेल, सध्या तिथे मुंबई शहर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. त्याच्या मागे, नौदलाच्या आयएनएस आंग्रे या तळाच्या आत, मुंबईचा मूळ किल्ला आहे: बॉम्बे कॅसल. पोर्तुगीज वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ऑर्टा यांच्या घराभोवती वाढत गेलेला. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, राजाने ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, आणि कंपनीने कारभार या कॅसलमधून केला. याच कंपनीच्या आरमाराने १७१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर हल्ला चढवला आणि हात हलवत परत आलं. आज कॅसलच्या दारावर पाटी आंग्र्यांच्या नावाची आहे. आत सामान्य माणसाला प्रवेश नाही.

समोर टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटी. १८३३ मध्ये पूर्ण झालेली, तीस पायऱ्यांची. ग्रंथालय साधारण साडेदहानंतर उघडतं, पण वेळा आणि सुट्ट्या आधी तपासून घ्या. लवकर पोहोचलात तर पायऱ्यांवर बसा, सावली आणि वारा दोन्ही मिळतं. आत जाता आलं तर आवाज न करता फिरा: नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा, लोखंडी जिने, आणि जिथे पां. वा. काणे, दुर्गाबाई भागवत यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं वाचत बसली त्या खोल्या. नालासोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेले बौद्ध अवशेष या संस्थेच्या संग्रहात आहेत. सोपारा हे मुंबईच्या कितीतरी आधीचं बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरून काढलं. त्या मानाने मुंबई कालची.

रस्त्यापलीकडची गोल बाग म्हणजे हॉर्निमन सर्कल. गोलाकार, एकसारख्या कमानींच्या इमारती बघून वाटतं की हे आधीपासून असं सुबकच असेल. इथे पूर्वी उघडं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन, आणि त्यावर कापसाच्या गासड्या, गाड्या आणि दलाल. बाग झाली १८७२ मध्ये. नाव बेंजामिन हॉर्निमन यांचं: ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे इंग्रज संपादक, ज्यांना १९१९ मध्ये सरकारने देशाबाहेर पाठवलं. बाकावर बसा, पाणी प्या, पाय मोकळे करा. इथून जवळच लाल रंगाची इमारत आहे ती ‘मुंबई समाचार’ची. हे गुजराती वृत्तपत्र १८२२ पासून निघतंय. बंदराला बातमी लागते. कोणतं जहाज आलं, कोणतं बुडालं, कशाचा भाव काय. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ही दहा वर्षांनी, १८३२ मध्ये, याच शहरात निघालं.

सर्कलच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथेड्रल. पाया १६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांच्या काळात घातला, मग काम रखडलं, आणि चर्च उघडलं ते १७१८ च्या नाताळात. आत भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिशिला वाचत फिरा. जहाजांचे कप्तान, आरमारी अधिकारी, कंपनीचे कारकून. वयं बघा. विशीतली, तिशीतली. ताप, कॉलरा आणि समुद्र. कॅप्टन हार्डिंज यांचं स्मारक शोधा, १८०८ मध्ये एका फ्रेंच जहाजाशी झालेल्या झुंजीत ते मारले गेले. टोपी काढून आत जा आणि प्रार्थना चालू असेल तर मागेच थांबा.

इथून वीर नरिमन मार्गाने पाच-सात मिनिटं पश्चिमेला गेलात की हुतात्मा चौक. हे वळण घ्याच. १८६४ चं फ्लोरा फाउंटन चर्च गेटच्या जागेजवळ उभं आहे, म्हणजे तुम्ही पुन्हा कोटाच्या पश्चिम तटावर आलात. चर्चगेट स्टेशनचं नाव ज्या चर्चवरून आलं ते म्हणजे तुम्ही आत्ता पाहिलेलं. आणि याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराचं शिल्प त्या हुतात्म्यांचं. पाय दुखत असतील तर मेट्रोचं हुतात्मा चौक स्टेशन इथेच आहे, इथून परत फिरलात तरी चालेल. पण मग जेवण हुकेल.

५. बझार गेटच्या गल्लीतून

परत फिरून पेरिन नरिमन स्ट्रीट पकडा, म्हणजेच जुनी बझार गेट स्ट्रीट. कोटाचा दक्षिण भाग गोऱ्यांचा, उत्तर भाग पारशी, गुजराती आणि इतर देशी व्यापाऱ्यांचा. रस्त्याची रुंदी बदलली की कळेल. १७ फेब्रुवारी १८०३ च्या आगीत या भागाचा मोठा हिस्सा जळला आणि त्यानंतर बरीच वस्ती तटाबाहेर ढकलली गेली. तरी गल्ल्यांची दाटी आजही आहे. १७०९ ची बनाजी लिमजी अग्यारी याच भागात आहे. ती बाहेरूनच बघायची, पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही. गल्लीच्या उत्तरेकडच्या टोकाजवळ, रस्त्याच्या मधोमध, बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या नावाचा १८८२ चा घड्याळाचा मनोरा आहे, इराणी धाटणीच्या कोरीवकामाचा. जवळच पंचम पुरीवाला. शाकाहारी मंडळींनी राखलेली जागा इथे भरावी.

गल्ली संपते तिथे एका बाजूला जीपीओ आणि समोर सीएसएमटी. स्टेशनाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून फक्त दोन गोष्टी. १८८८ मध्ये ही इमारत पूर्ण होण्याआधी इथलं साधं स्टेशन होतं बोरीबंदर, आणि १६ एप्रिल १८५३ ची ठाण्याची पहिली गाडी सुटली ती त्या बोरीबंदरहून. नावाप्रमाणे ते बंदरच होतं, होड्यांचं. दुसरी: फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. स्वच्छतागृह हवं असेल तर स्टेशनात जा.

मागच्या बाजूला सेंट जॉर्ज हॉस्पिटल आहे. त्याच्या आवारात, पी. डिमेलो मार्गाच्या बाजूला, १७६९ मध्ये कोटाला जोडलेल्या फोर्ट जॉर्जचा एक तुकडा उरला आहे, काळ्या दगडाची जाड भिंत. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय तिथेच आहे. ज्याला सगळे फोर्ट म्हणतात त्या भागात फोर्टची उभी भिंत बघायची तर ही. हॉस्पिटलचं आवार आहे याचं भान ठेवा, रुग्णांच्या नातेवाइकांच्या मधून घोळक्याने जाऊ नका.

६. बॅलार्ड इस्टेट आणि जेवण

आता पूर्वेला बॅलार्ड इस्टेटकडे वळा. दोन मिनिटांत आवाज कमी होतो, इमारती एका उंचीच्या होतात, रस्ते सरळ. हे सगळं समुद्रातलं आहे. अलेक्झांड्रा डॉक, आजचं इंदिरा डॉक, खणताना निघालेली माती आणि दगड इथे टाकून बावीस एकर जमीन केली गेली. गोदी १९१४ मध्ये उघडली आणि पुढच्या चार वर्षांत त्याच विटेटच्या देखरेखीखाली या इमारती उठल्या. सकाळी गेटवेला ज्याचं नाव ऐकलं तोच हा. जहाजकंपन्यांच्या कचेऱ्या, पोर्टाची कचेरी, कस्टम, आणि टोकाला बॅलार्ड पियर: इथे विलायतेची बोट लागे आणि धक्क्याच्याच स्टेशनातून फ्रंटियर मेल पेशावरकडे सुटे.

सिंधिया हाऊस शोधा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी भागीदारांसह काढलेल्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही इमारत. कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं, आणि म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. ब्रिटिश जहाजकंपन्यांच्या कचेऱ्यांच्या ऐन गर्दीत भारतीय कंपनीने आपली पाटी लावणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

ज्या पी. डिमेलो मार्गावरून तुम्ही आलात तो गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाचा. त्याच्या पूर्वेला भिंत, रंगांच्या नावांची दारं आणि ट्रक. थोडं उत्तरेला व्हिक्टोरिया डॉक, जिथे १४ एप्रिल १९४४ रोजी कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेलं फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला पाळतात तो त्यामुळे.

जेवायला ब्रिटानिया, १९२३ पासूनचं. बाराच्या आत रांगेत उभे राहा, फक्त दुपारचं जेवण मिळतं. बेरी पुलाव, साली बोटी, कॅरॅमल कस्टर्ड आणि लाल रास्पबेरी सोडा. पुलाव एकट्याला जास्त होतो, वाटून घ्या.

जेवणानंतरही पाय शाबूत असतील तर टॅक्सी करून भाऊच्या धक्क्याला जा. भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला म्हणून हे नाव. कोकणात जाणाऱ्या बोटींचा हा धक्का, इथूनच १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजही मोरा, रेवस आणि मांडव्याच्या बोटी सुटतात, पावसाळ्यात वेळा बदलतात. चालत मात्र जाऊ नका, मधला रस्ता ट्रकचा आहे. घरी जायचं असेल तर बॅलार्ड इस्टेटहून सीएसएमटी दहा-पंधरा मिनिटांवर, हार्बर लाइनचे प्लॅटफॉर्म एक आणि दोन.